परदेशी, परदेशस्थ आणि सर

सर मला नावानं कधी हाक मारत नसत. ‘कॉम्प्युटरबाई’ म्हणत. प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसणारी मी एकटीच, म्हणून. छपाईच्या मशीनवरच्या माणसाला ते ‘मशीन’ म्हणत, मालकांना ‘मालक’, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ते ‘मजकूर’. “तो साक्षगंधाचा मजकूर येऊन गेला का?” असं त्यांनी विचारलं, की कोणीतरी सोयरीक जुळवणारा बाप येऊन गेला का, असं समजायचं.

आमची प्रेस भंडाऱ्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत. मी कारध्याहून सायकलनं पूल ओलांडून यायची. मुलगी बालवाडीत होती, नवऱ्याची नोकरी कधी असायची, कधी नसायची. त्यामुळे ती प्रेस मला गरजेची होती. सरांना तशी काही गरज नव्हती. हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले, पेन्शन चालू, पोटी लेकरू नाही, बायको आधीच गेलेली. मालक त्यांचे विद्यार्थी. एक दिवस सर प्रेसमध्ये आले आणि मालकांपुढे लग्नपत्रिका ठेवून म्हणाले, “तुह्या प्रेसची आहे. सात चुका आहेत. उद्यापासून मी येतो.” मालकांनी शाळेत त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघालंच नाही.

सरांच्या खिशाला तीन पेनं असत. तिन्ही लाल. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “एक लिवाले, दुसरं पहिलं संपलं त, अन् तिसरं तुमी लोक मांगून नेता त्याच्यासाठी.” छापायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी, हा त्यांचा नियम होता. कागदावर एक अनुस्वार इकडचा तिकडे चालायचा नाही, आणि तोंडानं मात्र आमच्याकडची अस्सल झाडीबोली. कोणी हसलं तर म्हणायचे, “घरी लुंगी घालतो म्हनून शाळेत बी लुंगीच घालून जात होतो का?”

प्रूफ ते उलटं वाचत. शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, मोठ्यानं. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे धावतो आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. दुपारी प्रेसमध्ये शिरणाऱ्या माणसाला मशीनच्या खडखडाटातून ऐकू यायचं, “विनंती नम्र ही द्यावेत आशीर्वाद शुभ राहून उपस्थित...” लाखनीकडची एक म्हातारी बाई तर हात जोडून उभी राहिली होती. तिला वाटलं, आत काही पाठ चालू आहे.

गिऱ्हाइकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, “अर्थ सांगा.” अर्थ सांगता आला तरच छापायचं. एकदा एक गृहस्थ निधनाची वार्ता छापायला आले. सरांनी कागद पाहिला. “दुःखद निधन? म्हंजे सुखद निधन बी असते का?” आम्ही सगळे गार. गृहस्थ थोडा वेळ विचारात पडले आणि हळूच म्हणाले, “सासऱ्याचं आहे जी.” सरांनी ‘दुःखद’ खोडला.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा सरांचं गाव गोंदियाकडे गेलं. साकोलीच्या पुढचं होतं ना. ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. “मी खुर्चीवरून उठलो बी नाही, अन् परजिल्ह्यातला झालो,” असं वर्षभर जो भेटेल त्याला सांगत. धाकटा भाऊ नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला, की ‘परजिल्ह्यातून पाहुणे आले’ म्हणून त्याची ओळख करून देत. भाऊ वैतागायचा. “अजी दादा, बस तेच आहे, रस्ता तोच आहे, तिकीट बी तेवढंच लागते!” सर म्हणायचे, “पन शब्द बदलला ना बावा.”

असा माणूस. त्यांच्यापुढे एक दिवस शहापूरचे कंडक्टर येऊन बसले.

एसटीतून रिटायर झालेले, पण सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. त्यांच्या थोरल्या मुलाचं, संघपालचं, लग्न पवनीच्या मुलीशी जमलं होतं. मुलगा तीन वर्षांपासून मस्कतला. पत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः वळणदार अक्षरात लिहून आणला होता. वर बुद्धाची प्रतिमा, मग ‘मंगल परिणय’, आणि मधोमध ‘आयु. संघपाल (एन.आर.आय.)’.

सरांचं बोट तिथंच थांबलं. “हे काय आहे?”

“एनआरआय जी. पोरगा मस्कतले आहे.”

“ते समजलं. अर्थ सांगा.”

“बाहेर देशात रायते त्याले म्हनतेत. समदे लिवतेत जी.”

“त्याची मराठी अनिवासी भारतीय. अनिवासी म्हंजे ज्याले निवास नाही तो. तुमच्या पोराले घर नाही का?”

कंडक्टर खुर्चीतून अर्धे उठले. “नाही कसं? स्लॅबचं आहे! त्यानंच बांधलं!”

“मंग पत्रिका वाचून लोकायले काय वाटन? पोरगं फुटपाथवर झोपते.”

कंडक्टर घाबरले. मुलीकडचे आधीच चिकित्सक, म्हणाले. मग तुम्हीच लिहा. सरांनी खूश होऊन लाल पेनानं लिहिलं, ‘परदेशस्थ’. मी ते टाइप केलं. कंडक्टर चहा पिऊन गेले.

दोन दिवसांनी प्रूफ बघायला आले. चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

“हे देशस्थ कोनं लिवलं?”

“देशस्थ नाही. परदेशस्थ.”

“तेच ना जी! आमी बुद्धाचे लोक. वर बुद्धाचा फोटो, अन् खाली देशस्थ? समाजात तोंड दाखवाले जागा राहीन का मले?”

सरांनी रद्दी कागद ओढला आणि शब्द फोडून दाखवला. पर, देश, स्थ. स्थ म्हणजे राहणारा. गृहस्थ, मध्यस्थ, तटस्थ. त्यात जात कुठं आली? वीस मिनिटं तास चालला. कंडक्टरांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हात जोडले. “सर, मले समजलं. पन मी तीस वर्स बसमंदी ओरडून राहिलो होतो, ‘मांगं सरका, मांगं जागा आहे.’ कोनाले समजलं नाही. आता पाचशे घरी जाऊन ‘स्थ’ कोन समजावन? साधं परदेशी लिवा.”

“परदेशी म्हंजे दुसऱ्या देशातला. तिकडचा इकडे आला त परदेशी. आपला तिकडे गेला त परदेशस्थ. तुमचं पोरगं गोरं आहे का?”

“सावळं आहे जी.”

“मंग परदेशी कसं?”

कंडक्टर हिरमुसून गेले. दुसऱ्या दिवशी सरांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जायचं होतं. जाताना मला बजावून गेले, “मी येतपर्यंत तो मजकूर हलवायचा नाही.”

पण लग्नाची तारीख जवळ येत होती. कंडक्टर तिसऱ्या दिवशी आले ते ठाण मांडूनच बसले. मालक बाहेरगावी. मी म्हटलं, सर येऊ द्या. ते म्हणाले, “बाई, पोरगा पंधराच दिवसाच्या सुट्टीवर येनार आहे. पत्रिका काय वरातीत वाटू?” मला दया आली. दोन अक्षरं तर बदलायची होती. ‘शस्थ’ काढलं, ‘शी’ बसवला. मग पडद्यावर बघितलं, तर मोठ्या कलाकुसरीच्या अक्षरांत तो कंस मला बेढब दिसायला लागला. मी कंस काढून टाकला. ‘आयु. संघपाल परदेशी’. ओळ कशी भरून दिसली! मशीनवाल्यानंही ‘मस्त’ म्हटलं. पाचशे पत्रिका छापून संध्याकाळी शहापूरला गेल्यासुद्धा.

आठवड्याच्या आत बोंब झाली.

मुलाचं आडनाव परदेशी आणि खाली बारीक अक्षरात बापाचं आडनाव भलतंच! पवनीत ज्याच्या हातात पत्रिका पडली, त्यानं मुलीच्या मामांना विचारलं, “पोरगं दत्तक आहे का जी?” दुसऱ्यानं त्यापुढं जाऊन शोध लावला, की हे पोरगं कंडक्टरचं नाहीच. पवनीत परदेशी आडनावाचे एक मिठाईवाले होते. त्यांच्या दुकानात लोक जाऊन तक्रार करायला लागले, की लेकाचं लग्न काढलं आणि आम्हाला साधं सांगितलंही नाही. त्यांचा मुलगा चौथीत होता.

मुलीचे वडील नव्हते. सगळा कारभार मामांकडे. मामा तापट. ते थेट शहापूरला पोचले आणि कंडक्टरांच्या बायकोदेखत नको ते विचारून बसले. ती माउली जेवायची बंद झाली. तिथून दोघंही भांडत भांडत प्रेसमध्ये आले. मामांच्या हातात पत्रिका, कंडक्टरांच्या डोळ्यांत पाणी.

“सोयरीक मोडली समजा,” मामा म्हणाले. “पन ते पाप कोनं केलं, ते मले पाहाचं आहे.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. नोकरी गेली, हे मला त्या नजरेतच कळलं. सर त्याच दिवशी नागपूरहून परतून कामावर आले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ते उठले, कपाटातून त्या पत्रिकेची फाइल काढली आणि प्रूफचा कागद टेबलावर ठेवला. आमच्याकडे सरांच्या लाल सहीशिवाय प्रूफ पुढे जात नसे. या प्रूफवर सही नव्हती.

सरांनी तो कागद उघड्या डोळ्याजवळ नेला. उलटा वाचला. मग खिशातलं पेन काढून सगळ्यांसमोर खाली सही केली.

“मी पाहिलं होतं,” ते मामांना म्हणाले. “माही चूक.”

मशीनवाल्यानं मशीन बंद केली. कंडक्टरांनी तोंड उघडलं. त्यांना माहीत होतं, सर तेव्हा नागपूरला होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मला काही बोलायचं होतं, पण बोलले नाही. ती लाज अजून माझ्याजवळ आहे.

“चूक माही आहे, त समजवाले बी मीच येतो,” सर म्हणाले. “शुक्रवारी पवनीले येतो. तुमच्या मानसायले बोलावून ठेवा.”

शुक्रवारी सर, कंडक्टर आणि मी एसटीनं निघालो. डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी प्रवास वर्ज्य सांगितला होता. सरांनी पट्टीवर रुमाल बांधला आणि रुमालावर टोपी घातली. अड्याळ येईपर्यंत एका डोळ्यानं दुकानांच्या पाट्या वाचत होते. मग एकदम म्हणाले, “कॉम्प्युटरबाई, कंस कायले काढला?”

“दिसाले बरा दिसत नव्हता सर.”

“कंस दिसाले नसते. आतल्याले सांभाळाले असते.” एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याशी कधीही काढला नाही.

मामांच्या घरी सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. लग्नासाठी घर रंगवलेलं, भिंतीचा पांढरा रंग अजून वास मारत होता. सर उभे राहिले आणि सवयीनं मागे वळून फळा शोधायला लागले. फळा नव्हता. चुलीजवळ कोळसा होता. कोणी अडवायच्या आत त्यांनी त्या कोऱ्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं, ‘परदेशी’.

मुलीची आई ओरडली, “अवो माय! काल्च रंगवली ना!”

सरांना ऐकू गेलं नाही. त्यांनी खाली ‘परदेशस्थ’ लिहिलं, त्याच्या खाली ‘अनिवासी’, बाण काढले, आणि शाळेतल्यासारखं एकेकाला उठवून विचारायला लागले. “तुमी सांगा, टोपीवाले. तिकडचा इकडे आला त कोन?” टोपीवाले काका गोंधळून म्हणाले, “पाहुना?” सगळे हसले. मामाही हसले. इतके तापलेले मामा हसताना बघून कंडक्टरांच्या जिवात जीव आला. आडनावाचा घोळ अर्ध्या तासात सगळ्यांच्या ध्यानात आला. मुलीची आई कंडक्टरांना म्हणाली, “तुमच्या घरच्या बाईले माफी मांगतो म्हनून सांगजा. मीच येतो उद्या.”

गोष्ट इथंच मिटली असती. पण दारात मुलगी येऊन उभी राहिली. सुजाता. डी.एड. झालेली, गावातल्याच शाळेत शिकवायची. ती भिंत वाचत होती.

“सर, एक विचारू का? ते तिकडे रायतीन, त ते परदेशस्थ. बरं. अन् मी लग्न करून इथंच रायली, त मले काय म्हनतीन?”

सर खुलले. इतका चांगला प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नसावा. “त्याले शब्द आहे!” म्हणाले, आणि भिंतीवर उरलेल्या जागेत लिहिलं, ‘प्रोषितभर्तृका’.

सगळे त्या शब्दाकडे बघत राहिले.

“म्हंजे काय जी?” सुजातानं विचारलं.

“जिचा नवरा दूर देशी गेला आहे, अन् जी घरी त्याची वाट पाहत रायते, अशी स्त्री. जुन्या काव्यात फार आहे.”

“शिवी दिल्यासारखं वाटते,” मामा पुटपुटले.

“त मले ते नाही बनाचं,” सुजाता म्हणाली.

सरांच्या हातातला कोळसा तसाच राहिला. शब्द अचूक होता, शुद्ध होता, आणि तो ऐकणारी ‘नको’ म्हणत होती. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तो शब्द पुसायला घेतला. सगळी भिंत काळी झाली. मुलीच्या आईनं या वेळी स्वतःच फडकं पुढं केलं.

“त्याले फोन लावा,” सुजाता म्हणाली. “आज तिकडे सुट्टी असते.”

मामांनी मोबाइल लावला. त्या मोबाइलचा आवाज एवढा मोठा, की आख्खं घर ऐकत होतं. संघपालनं उचलला. भावी बायको स्वतः बोलते आहे हे कळल्यावर आधी त्याला ठसकाच लागला.

“मले खरं सांगा, तुमी तिकडे काय करता?”

“कंपनीत आहो...”

“कंपनीत काय करता?”

थोडा वेळ नुसती खरखर. “क्रेन चालवतो. बाबांनं सांगतलं नाही का?”

बाबा सतरंजीकडे बघत होते.

“उंच असते का?”

“लई. वरून समदं गाव दिसते. समुद्र दिसते.”

“भ्या नाही लागत?”

“पयले लागलं. आता खाली उतरलो का लागते.”

सुजाता हसली. मग म्हणाली, “मले तिकडे न्याल का?”

“साहेबाले इचारलं आहे. एक वर्सानं कागद होते म्हनते. पन खोली लहान आहे. एकच.”

“लहान चालन. लग्नात सगळ्यायसमोर कबूल कराल का?”

“आत्ताच करतो. कोन कोन आहे तिथं?”

“लई जन आहेत. अन् एक सर आहेत, त्यायनं भिंत खराब केली.”

फोन ठेवल्यावर ती सरांकडे वळली. “पत्रिकेत सरळ लिवा ना सर. मस्कतले क्रेन चालवतेत.”

कंडक्टर कसनुसे झाले. “क्रेन म्हंजे ड्रायव्हरच ना बाई. मी जिंदगीभर कंडक्टर, अन् पोरगा परदेशात जाऊन बी ड्रायव्हर. म्हनून मी ते एनआरआय...”

“तुमाले कंडक्टर म्हनलं त लाज वाटते का?”

“मले कायची लाज?”

“मंग?”

कंडक्टरांनी थोडा विचार केला. “चाळीस मजले उंच क्रेन आहे त्याची,” ते एकदम सगळ्यांना म्हणाले. “चाळीस. आपल्या जिल्ह्यात हाय का कोठं?” आणि मग परत निघेपर्यंत ते त्या क्रेनबद्दलच बोलत होते.

उरलेल्या पत्रिकांवर चिकटवायच्या पट्ट्या सरांनी स्वतः माझ्या शेजारी बसून करून घेतल्या. ‘आयु. संघपाल (क्रेनचालक, मस्कत)’. कंसासह. लोकांच्या घरी गेलेल्या पत्रिका काही परत आल्या नाहीत, तेव्हा नव्यानं छापून पुन्हा वाटल्या. बऱ्याच घरी दोन-दोन पत्रिका पोचल्या. काही लोक त्यामुळे लग्नाला दोनदा जेवले. मालकांनी मला कामावरून काढलं नाही. भिंत मामांनी पुन्हा रंगवली, आणि पंगतीत सरांना वाढताना विचारलं, “आज कोळसा आनला नाही ना जी?”

लग्नात संघपालनं शब्द पाळला. माइक घेऊन सांगितलं, वर्षभरात नेतो म्हणून. वर्षाची पावणेदोन वर्षं झाली, पण नेलं.

ती गेल्यानंतर काही महिन्यांनी प्रेसचा फोन वाजला. मी उचलला. मस्कतहून सुजाता. खोली खरंच लहान आहे, म्हणाली, पण खिडकीतून त्याची क्रेन दिसते. दुपारी डबा खाताना तो वरून हात हलवतो, तिला तो दिसत नाही, पण तीही हलवते. मग म्हणाली, सरांना द्या.

सरांनी फोन कानाला लावला. मी जवळच होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“सर, तुमी एवढे शब्द सांगतले, अनिवासी, परदेशस्थ. पन इथं आमाले त्यातलं कोनी काहीच म्हनत नाही.”

“मंग काय म्हनतेत?”

“हिंदी.”

“काय?”

“हिंदी! हिंदुस्थानातून जो आला, त्याले इथले अरब लोक हिंदी म्हनतेत. दुकानदार मले हाक मारते, ‘ए हिंदी.’”

चाळीस वर्षं मराठी शिकवलेले सर खुर्चीत बसले. एक हात कपाळाला लावला. मला वाटलं, आता यांना काही होतं की काय. मालकही आतून बाहेर आले.

“तू पवनीची,” सर सावकाश म्हणाले, “तो शहापूरचा. अन् तिकडे दोघंबी हिंदी.”

“हो ना जी. मी त्यायले सांगतलं, मी मराठी आहे. ते म्हनतेत, हो हो, हिंदी, हिंदी. आता काय करू?”

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. तिकडे तिचे पैसे जात होते. मग त्यांनी घसा साफ केला.

“पाटीवर वगैरे लिवतेत का?”

“एका दुकानात आपल्या अक्षरात लिवलं आहे.”

“पहिला ‘हि’ ऱ्हस्व आहे ना? अन् ‘दी’ दीर्घ?”

“हो सर. पाहून आली मी. बरोबर आहे.”

“मंग चालू दे,” सर म्हणाले, आणि फोन मला देऊन हसू लपवायला प्रूफात तोंड घातलं.